इस्ट्रोजेनचा निवाडा

स्तनाच्या कर्करोगातून वाचलेली, शस्त्रक्रियेची जखम भरून आलेली, किरणोपचारांचे आणि उग्र औषधांचे पर्व मागे टाकून पुन्हा घरादारात व कामकाजात वावरू लागलेली स्त्री रात्री-अपरात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन घामाने चिंब जागी व्हावी, झोपेविना दिवस काढता काढता तिचे चित्त स्थिर राहू नये, हाडे ठिसूळ व्हावीत, पतीचा सहवास वेदनादायक व्हावा, आणि या सर्वांवर हमखास गुण देणारे जे एकच औषध ठाऊक होते ते नेमके तिलाच वर्ज्य असावे, अशी अवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आली होती. ते औषध म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक. ते वर्ज्य का ठरले, त्या निषेधाविरुद्ध रुग्णांनी व डॉक्टरांनी कोणती कैफियत मांडली आणि तिचा फैसला अखेर कसा झाला, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक बोधप्रद आणि काहीसा क्लेशकारक अध्याय आहे.

निषेधाचे मूळ ग्लासगो शहरात सापडते. जॉर्ज थॉमस बीटसन हे स्कॉटिश शल्यवैद्य तरुणपणी दुग्धस्रावावर प्रबंध लिहीत असताना त्यांना असे कळले होते, की काही देशांत गाय व्यायल्यावर तिची बीजांडे काढून टाकण्याचा शिरस्ता आहे आणि त्यायोगे तिचे दूध दीर्घकाळ आटत नाही. मज्जातंतूंचा काहीही धागा हाती लागत नसताना शरीरातील एक अवयव दुसऱ्या दूरच्या अवयवावर असा अंमल गाजवतो, तर स्तनातील रोगावरही तो गाजवत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी मनाशी बांधले; आणि वीस वर्षांनंतर, १८९५ साली, स्तन काढून टाकूनही ज्यांचा कर्करोग त्याच जागी उफाळून आला होता अशा तेहतीस वर्षांच्या एक बाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी १५ जून रोजी त्यांचे अंडाशय काढले. संप्रेरक ही कल्पनाच तेव्हा शास्त्रात जन्माला आलेली नव्हती. तरीही पुढच्या काही महिन्यांत त्या गाठी विरत विरत दिसेनाशा झाल्या आणि १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बीटसन यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या बाई सुमारे चार वर्षे जगल्या. अखेर रोगाने त्यांना गाठलेच. इतर शल्यवैद्यांनी हाच मार्ग अनुसरला तेव्हा असे आढळले, की सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच त्याचा उपयोग होतो. या भेदाचा उलगडा होण्यास साठांहून अधिक वर्षे जावी लागली. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारा ग्राहक असतो हे दाखवून दिले आणि मग स्पष्ट झाले, की ज्या गाठींत असे ग्राहक विपुल असतात त्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात आणि ते तोडले असता सुकतात.

इस्ट्रोजेनचा दुसरा इतिहास याच काळात, पण अगदी निराळ्या दिशेने घडत होता. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत अॅडॉल्फ ब्युटेनांट यांनी या संप्रेरकाचा एक प्रकार शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या प्रीमरिन या नावाने अमेरिकेच्या बाजारात आल्या. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर त्यांचा गुण निःसंशय होता. परंतु १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्ती हा एक अभावजन्य रोगच आहे आणि त्यावर प्रत्येक स्त्रीने आयुष्यभर इस्ट्रोजेन घ्यावे, असा प्रचार केला, तेव्हा एका तात्पुरत्या त्रासावरच्या इलाजाला तारुण्यरक्षणाच्या व्रताचे स्वरूप आले. त्या प्रचारामागे औषधकंपनीचे द्रव्यबळ होते, हे विल्सन यांच्या मुलाने पुढे उघड केले. १९७५ मध्ये नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक होतो असे दोन शोधनिबंधांनी दाखवले. खप एकदम उतरला. मग गर्भाशयाच्या रक्षणार्थ सोबत प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे संप्रेरक देण्याची तजवीज झाली आणि खप पुन्हा चढला. या दुसऱ्या संप्रेरकाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कर्करोगाचा दवाखाना आणि रजोनिवृत्तीचा दवाखाना हे दोन प्रवाह एकमेकांना येऊन भिडले ते कर्करोगावरील उपचारांच्या यशामुळेच. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये तयार केलेले टॅमॉक्सिफेन हे द्रव्य मुळात संततिनियमनाच्या शोधातून निघालेले. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्तनाच्या कर्करोगावर उपयोगी पडते असे दाखवले, आणि पुढील दोन दशकांत ते जगातील सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या कर्करोगनाशकांपैकी एक झाले. टॅमॉक्सिफेन गाठीतील ग्राहकाची जागा अडवते, आणि मेंदूतील तापमानाचे नियंत्रणही बिघडवते. त्यामुळे ज्या स्त्रियांचे प्राण त्याने वाचवले त्यांच्याच अंगातून त्याने वाफा काढल्या. तशात १९८८ पासून अमेरिकेत काखेत रोग न पसरलेल्या रुग्णांनाही शस्त्रक्रियेनंतर औषधे देण्याची शिफारस झाली. त्या औषधांनी चाळिशीतल्या स्त्रियांचे अंडाशय निकामी होऊन त्यांची पाळी काही महिन्यांत कायमची गेली. नैसर्गिक रजोनिवृत्ती शरीराला काही वर्षांची मुदत देते. ती मुदत या स्त्रियांना मिळाली नाही.

अशा स्त्रिया जेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारू लागल्या, की आम्हांला इस्ट्रोजेन का नाही, तेव्हा १९९० च्या दशकात त्या प्रश्नाला उत्तर देणे वाटते तितके सोपे राहिले नव्हते. निषेधाच्या बाजूला बीटसन यांचा वृत्तान्त होता, ग्राहकाचे शास्त्र होते, आणि १९९७ मध्ये २१ देशांतील ५१ अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेला निष्कर्षही होता, की निरोगी स्त्रियांनी हे उपचार पाच वर्षे वा अधिक घेतल्यास कर्करोगाची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते. परंतु दुसऱ्या बाजूची कैफियतही पोकळ नव्हती. गर्भारपणात इस्ट्रोजेनची पातळी पराकोटीला जाते, तरी कर्करोगातून बऱ्या झालेल्या ज्या स्त्रिया पुढे गरोदर राहिल्या त्यांची स्थिती इतरांहून वाईट झालेली दिसत नव्हती. १९४४ मध्ये अलेक्झांडर हॅडो यांनी कृत्रिम इस्ट्रोजेन भरपूर मात्रेत देऊन वयस्क रुग्णांच्या गाठी लहान केल्या होत्या. आणि कॅलिफोर्नियात फिलिप डिसाया यांच्यासारखे जबाबदार तज्ज्ञ आपल्या रुग्णांना हे उपचार देऊन त्यांच्यात रोग अधिक उलटत नाही असे नमूद करीत होते. सर्वांत प्रभावी ठरला तो सिएटल येथील २००१ चा अभ्यास. त्यात कर्करोगातून गेलेल्या २,७५५ स्त्रियांच्या दप्तरी नोंदी तपासण्यात आल्या होत्या. त्यांपैकी पुढे संप्रेरके घेणाऱ्या १७४ जणींमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण दर हजार स्त्रीवर्षांमागे १७ आणि तुलनेसाठी निवडलेल्या, न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ३० भरले. म्हणजे औषध निरुपद्रवी होते इतकेच नव्हे, तर उलट संरक्षकच भासत होते.

या आकड्यांत कोणतीही लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दोष होता तो निवडीत. ज्या स्त्रीची गाठ लहान, काखेतील ग्रंथी स्वच्छ, आणि जिला रोगमुक्त होऊन काही वर्षे उलटलेली, तिलाच कोणताही विचारी डॉक्टर संप्रेरके लिहून देई. जिच्याविषयी त्याला धाकधूक वाटे तिला तो नकार देई. रोग उलटण्याचा संभव आधीपासूनच कमी असलेल्या स्त्रिया एका पारड्यात आणि उरलेल्या दुसऱ्या पारड्यात, अशी ही विभागणी रुग्णालयाच्या दप्तरात आपोआप होऊन बसली होती, आणि गणिताने तिची कितीही दुरुस्ती केली तरी डॉक्टरांच्या मनातील धाकधूक आकड्यांत पकडता येत नव्हती. तिच्यावर इलाज एकच: औषध कोणाला मिळावे हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठीवर सोडणे.

हे धैर्य प्रामुख्याने स्वीडनने दाखवले. १९९७ मध्ये तेथे दोन चाचण्या सुरू झाल्या. उप्साला येथील लार्स होल्मबर्ग यांच्या नेतृत्वाखालील ‘हॅबिट्स’ ही चाचणी इतर देशांतील केंद्रांनाही सामावून घेणारी होती आणि तीत १,३०० स्त्रिया दाखल करून घेण्याचा मनोदय होता. दुसरी चाचणी स्टॉकहोम शहरापुरती होती. प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगावर उपचार झालेल्या आणि रजोनिवृत्तीच्या त्रासामुळे इलाजाची खरोखरच गरज असलेल्या स्त्रियांची चिठ्ठीने दोन गटांत विभागणी व्हायची. ‘हॅबिट्स’मध्ये एका गटाने दोन वर्षे संप्रेरके घ्यायची, दुसऱ्याने संप्रेरकांवाचून जो उपाय शक्य असेल तो करायचा. कोणत्या गोळ्या द्यायच्या हे ‘हॅबिट्स’मध्ये त्या त्या केंद्राच्या प्रथेवर सोडलेले होते, आणि त्या प्रथेनुसार बहुतेकींना इस्ट्रोजेनच्या जोडीला ते दुसरे संप्रेरक नियमित मिळत असे. स्टॉकहोमच्या योजनाकर्त्यांनी मात्र त्याचा वापर हेतुपुरस्सर आखडता ठेवला होता.

या स्त्रियांच्या संमतीचा विचार मनात आला की मी प्रत्येक वेळी थबकतो. त्यांना त्रास असह्य झाला होता म्हणूनच त्या आल्या होत्या. चिठ्ठी विरुद्ध निघाली तर पुढची दोन वर्षे तशीच काढायची होती, आणि अनुकूल निघाली तर ज्या रोगातून त्या नुकत्याच सुटल्या होत्या त्याला आपण आमंत्रण देत आहोत की काय, हे कोणीही त्यांना सांगू शकत नव्हते. हे सर्व त्यांच्या कानांवर घातलेले होते आणि तरीही त्यांनी सही केली.

चाचण्या चालू असतानाच अमेरिकेतून मोठी बातमी आली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या सरकारी खर्चाने चाललेल्या प्रचंड चाचणीतील दोन्ही संप्रेरकांचा विभाग ९ जुलै २००२ रोजी मुदतीपूर्वीच थांबवल्याचे जाहीर झाले. १६,६०८ निरोगी स्त्रियांच्या या विभागात सरासरी पाच वर्षांच्या अवलोकनानंतर असे दिसले होते, की दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग गोळ्या घेणाऱ्यांत ३८ आणि न घेणाऱ्यांत ३० जणींना होतो. हृदयविकार आणि पक्षाघात यांचेही प्रमाण वाढलेले होते. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीवरून ऑक्सफर्डच्या व्हॅलेरी बेरल यांनी याच दिशेचा, किंबहुना अधिक कठोर, निष्कर्ष जाहीर केला. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. आणि २००३ या एका वर्षात अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ७ टक्क्यांनी घटले, ही घट मुख्यतः पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील, इस्ट्रोजेनच्या ग्राहकांनी युक्त अशा गाठींमध्ये होती. परंतु निरोगी स्त्रीविषयीचे हे उत्तर कर्करोगातून उठलेल्या स्त्रीला जसेच्या तसे लागू होते असे म्हणता येत नव्हते. तिचे उत्तर स्वीडनकडूनच यायचे होते.

ते २००३ च्या हिवाळ्यात आले. दोन्ही स्वीडिश चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने जमलेली आकडेवारी तपासून दोन्ही थांबवण्याची शिफारस केली आणि १७ डिसेंबर २००३ रोजी ‘हॅबिट्स’ तहकूब झाली. या तपासणीच्या वेळेपर्यंत ४३४ स्त्रिया दाखल झाल्या होत्या; त्यांपैकी एकदा तरी पुनर्तपासणी झालेल्या ३४५ जणींचा हिशेब, सरासरी सुमारे दोन वर्षांचा, १०८ वर्षांपूर्वी बीटसन यांचा वृत्तान्त छापणाऱ्या त्याच ‘लॅन्सेट’मध्ये फेब्रुवारी २००४ मध्ये छापून आला. संप्रेरके घेणाऱ्यांत २६ जणींचा कर्करोग उलटला किंवा नव्याने उद्भवला होता, न घेणाऱ्यांत ७ जणींचा. जोखीम सुमारे साडेतीनपट होती. ज्यांनी दप्तरी नोंदींच्या भरवशावर संरक्षणाची आशा धरली होती, त्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळणे शक्य नव्हते.

आणि तरीही स्टॉकहोमचे आकडे निराळे बोलत होते. तेथे ३७८ स्त्रियांच्या चार वर्षांच्या अवलोकनात संप्रेरके घेणाऱ्या ११ आणि न घेणाऱ्या १३ जणींचा रोग उलटला होता. म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. एकाच देशात, एकाच वर्षी सुरू झालेल्या दोन चाचण्यांनी परस्परविरोधी साक्ष द्यावी, याचा अर्थ लावताना तज्ज्ञांनी तीन गोष्टींकडे बोट दाखवले. स्टॉकहोममध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया सोबत टॅमॉक्सिफेन घेत होत्या, ‘हॅबिट्स’मध्ये जेमतेम एक पंचमांश. काखेत रोग पोहोचलेल्या रुग्णांचे प्रमाणही स्टॉकहोममध्ये कमी होते. आणि तिसरी गोष्ट अर्थातच ते दुसरे संप्रेरक. अमेरिकेच्या चाचणीतील ज्या विभागात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही, ही २००४ मधील माहिती या तर्काला पुष्टी देणारी होती. परंतु दोन्ही चाचण्या अर्ध्यावर थांबलेल्या, आकडे लहान. तर्क तर्कच राहिला.

काळाने मात्र दोन्ही साक्षी पुन्हा तपासल्या. ‘हॅबिट्स’च्या २००८ मधील अंतिम अहवालात ४४२ स्त्रियांचा चार वर्षांचा हिशेब होता: ३९ विरुद्ध १७. जोखीम साडेतीनपटींवरून सुमारे अडीचपटींवर उतरली तरी तिची दिशा बदलली नाही. आणि स्टॉकहोमच्या स्त्रियांचा दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतल्यावर एकूण रोग उलटण्यात निःसंदिग्ध फरक सापडला नाही खरा, परंतु दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग संप्रेरके घेतलेल्या १४ जणींना आणि न घेतलेल्या चौघींनाच झालेला आढळला. चार वर्षांनी निर्धोक भासलेली गोष्ट दहा वर्षांनी तशी राहिली नाही.

एक शेवटची आशा टिबोलोन या कृत्रिम द्रव्यावर होती. ते वाफांवर गुणकारी, हाडांना हितकर, आणि स्तनावर सौम्य आहे असा समज होता. ‘लिबरेट’ या चाचणीत ३१ देशांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांना टिबोलोन किंवा हुबेहूब तशीच औषधहीन गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते. २००७ च्या जुलैअखेर तीही मुदतीपूर्वी थांबवावी लागली. टिबोलोन घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १०.७ टक्के स्त्रियांचा रोग उलटला होता. या चाचणीनंतर मोठ्या प्रमाणावर तोच प्रश्न पुन्हा विचारण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

चाचण्या लवकर थांबवल्या म्हणून सत्य अपुरे राहिले, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. मला तो मान्य नाही. ज्या स्त्रियांनी विश्वासाने सही केली होती त्यांच्यापैकी एका गटात २६ आणि दुसऱ्यात ७ असे आकडे समोर दिसत असता अधिक अचूकतेसाठी चाचणी चालू ठेवणे, हा त्या विश्वासाचा भंग ठरला असता. आक्षेप घ्यायचा असेल तर तो पुढच्या वर्षांवर घ्यावा. निषेधाचे फर्मान निघाले, पत्रकांवर ते छापले गेले, आणि मग कित्येक दवाखान्यांत हा विषयच बरखास्त झाला. जीव वाचला यात समाधान माना, एवढेच उत्तर स्त्रियांना मिळू लागले. त्यातच २००२ नंतर अॅरोमाटेज इन्हिबिटर या वर्गातील औषधे प्रचारात आली, जी शरीरात उरलेसुरले इस्ट्रोजेनही बनू देत नाहीत. रोग उलटण्याचे प्रमाण त्यांनी आणखी घटवले, आणि सांधेदुखी व योनीचा कोरडेपणा वाढवला. त्रासाला कंटाळून स्त्रिया ही औषधे मध्येच सोडून देतात हे पुढे वारंवार दिसून आले. म्हणजे त्रासाची हयगय करणे हे अखेर रोगाच्या उपचारालाच बाधक ठरत होते.

भारतात संप्रेरकांच्या गोळ्यांची ती लाट कधी आलीच नाही, त्यामुळे तिच्या ओहोटीची आकडेवारीही येथे नाही. परंतु प्रश्न येथेही आहे, किंबहुना अधिक तीव्र आहे: आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्यांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी होतो, त्यामुळे पाळी चालू असतानाच औषधांनी ती बंद पडलेल्या स्त्रियांचे प्रमाण येथे मोठे आहे. आणि मुंबईच्या किंवा पुण्याच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, सोबत आलेल्या मुलासमोर वा दिरासमोर, रात्रीच्या घामाविषयी किंवा सहवासातील वेदनेविषयी बोलण्याचे धाडस किती जणी करत असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

संप्रेरकांवाचून इलाज शोधण्याचे काम सावकाशीने पण चिकाटीने पुढे गेले. २००० मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स लोप्रिंझी यांनी वेन्लाफॅक्सिन हे मनोविकारांवरील औषध लहान मात्रेत दिल्यास वाफा बऱ्याच कमी होतात असे दाखवले. मागोमाग गॅबापेंटिनचाही उपयोग सिद्ध झाला. वेन्लाफॅक्सिनप्रमाणेच मनोविकारांवर दिले जाणारे पॅरॉक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनचे यकृतात होणारे रूपांतर अडवते, म्हणून ते टाळावे लागते. योनीत लावण्याच्या अल्पमात्रेच्या इस्ट्रोजेनविषयी डेन्मार्कमधील ८,४६१ स्त्रियांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीने रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, फक्त अॅरोमाटेज इन्हिबिटर घेणाऱ्यांत ते काहीसे वाढले, आणि म्हणून त्यांच्याबाबत तज्ज्ञ अद्याप सावध आहेत. हाही दप्तरी नोंदींचाच अभ्यास आहे, आणि सिएटलचा अनुभव जमेस धरता त्या सावधपणाला कारण आहे.

दरम्यान अंगातून वाफा का निघतात याचाही छडा लागला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील काही पेशी इस्ट्रोजेनचा लगाम सुटताच अनावर होतात आणि तापमानाच्या केंद्राला खोटी वर्दी देतात. त्या वर्दीचा वाहक अडवला, तर इस्ट्रोजेनला हात न लावता वाफा थांबाव्यात, असा हा तर्क होता. तो खरा ठरला. एलिन्झानेटंट हे या जातीचे औषध कर्करोगासाठी संप्रेरकरोधक उपचार घेणाऱ्या ४७४ स्त्रियांना चिठ्ठीने विभागून तपासण्यात आले, आणि २०२५ च्या जूनमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार पहिल्या महिन्यातच त्यांच्या वाफा औषधहीन गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्या. कर्करोगाच्या दृष्टीने त्याची दीर्घकालीन निर्धोकता ठरण्यास, स्टॉकहोमप्रमाणेच, दहा वर्षांच्या नोंदी लागतील.